शंका-समाधान : वेल्समधील अनवट पुरुषनावे

कार्डिफ, स्वान्झी, न्यूपोर्ट अशा शहरांत मुले-नातवंडे स्थायिक झालेल्या वाचकांकडून, आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणाऱ्या इतर काहींकडूनही, वेल्समधील पुरुषनावांविषयी जे प्रश्न आले, त्यांना या अंकात एकत्र उत्तरे दिली आहेत. नावे देवनागरीत शक्य तितकी वेल्श उच्चाराला धरून लिहिली आहेत. वेल्शमध्ये दोन ‘एल’ जोडून लिहिला जाणारा वर्ण मराठीत नाही. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडली की तो उमटतो, आणि येथे तो ‘ल्ह’ असा लिहिला आहे. ‘र’च्या जोडीचा दुसरा एक वर्ण मात्र आपल्या कऱ्हाड-वऱ्हाडातल्या ‘ऱ्ह’च्या इतका जवळ आहे की त्याच्यासाठी निराळी सोय करावी लागली नाही.

प्रश्न : माझा मुलगा व सून कार्डिफला असतात. होणाऱ्या बाळासाठी, मुलगा झाल्यास, त्यांनी इंटरनेटवरून काही नावे काढून ठेवली आहेत : ताल्येसिन, ब्लेदिन, एम्रिस, इद्रिस, आयन्यॉन, प्रदेरी. प्रत्येक नावापुढे एकेक छानसा अर्थ दिलेला आहे. हे अर्थ कितपत खरे मानावेत? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : या याद्यांतले अर्थ सरसकट खोटे नसतात, पण ते एका जातीचेही नसतात, आणि गफलत होते ती तिथेच. काही नावांचा अर्थ भाषेच्या इतिहासातून सिद्ध होतो. काहींचा एखाद्या कथेने मागाहून चिकटवलेला असतो. आणि काहींच्या बाबतीत आजच्या एखाद्या शब्दाशी नाव जुळते एवढ्यावरून कुणीतरी तर्क लढवलेला असतो. यादी करणारा हे तिन्ही एकाच रकान्यात, एकाच ठामपणे छापतो.

आपल्या यादीतले ‘ब्लेदिन’ पहिल्या प्रकारात मोडते. वेल्शमध्ये ‘ब्लाइद’ म्हणजे लांडगा, आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘ब्लेदिन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. अकराव्या शतकात उत्तर व मध्य वेल्सवर राज्य करणारा आणि १०७५ मध्ये मारला गेलेला ब्लेदिन आप कन्व्हिन हा या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धनी. ‘ताल्येसिन’ही तितकेच स्वच्छ आहे : ‘ताल’ म्हणजे कपाळ आणि ‘येसिन’ म्हणजे तेजस्वी. आपल्या ‘भालचंद्र’च्या वळणाचे हे नाव सहाव्या शतकातील एका कवीचे आहे. नंतरच्या दंतकथेत मासे धरण्याच्या बंधाऱ्यात अडकलेली चामड्याची पिशवी एल्फिन नावाचा राजपुत्र उघडतो, आतल्या बाळाचे कपाळ पाहून उद्गारतो, आणि तो उद्गारच त्याचे नाव होतो. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी विस्कॉन्सिनमधील आपल्या घराला १९११ मध्ये हेच नाव दिले. त्यांच्या आईचे घराणे वेल्श होते.

‘आयन्यॉन’पुढे आपल्या यादीत ‘ऐरण’ असे लिहिलेले असणार, आणि आजच्या वेल्शमध्ये त्या शब्दाचा अर्थ खरोखरच ऐरण असा आहे. पण माणसाचे नाव म्हणून ते लोहाराच्या शाळेतून आलेले नसून बहुधा ‘एन्नियानुस’ या रोमन नावाचे झिजलेले रूप आहे. ‘इद्रिस’चे दोन घटक जुने आहेत, पहिल्याचा अर्थ ‘स्वामी’ आणि दुसऱ्याचा ‘उत्कट, आवेशी’. उत्तर वेल्समधील ८९३ मीटर उंचीच्या कादायर इद्रिस या डोंगराच्या नावात ते आहे. ‘इद्रिसची बैठक’ असा त्या डोंगराच्या नावाचा अर्थ, आणि हा इद्रिस लोककथेत एक राक्षस असतो. कुराणात उल्लेख असलेल्या प्रेषित इद्रिस यांच्या नावाशी याचा काहीही संबंध नाही. दोन दूरच्या भाषांतील शब्द उच्चारात योगायोगाने एकत्र आले, इतकेच. पण या योगायोगामुळे हे नाव आज कार्डिफमध्ये कुणालाही परके वाटत नाही, हा त्याचा व्यावहारिक फायदा आहे.

कथेने दिलेल्या अर्थाचा उत्तम नमुना म्हणजे ‘प्रदेरी’. चौदाव्या शतकाच्या हस्तलिखितांत जपलेल्या ‘माबिनोगी’ या कथाचक्रात ऱ्हिआनॉन राणीचे तान्हे मूल जन्मल्या रात्रीच नाहीसे होते आणि त्याच्या हत्येचा आळ तिच्यावर येतो. ते मूल दुसऱ्याच एका घरी ‘सोनेरी केसांचा गुरी’ म्हणून वाढते. काही वर्षांनी त्याला तिच्यापुढे उभे करतात तेव्हा ती म्हणते की हे खरे असेल तर माझी ‘प्रदेर’, म्हणजे काळजी, मिटली; आणि आईने पहिल्यांदा उच्चारलेल्या शब्दावरून मुलाचे नाव प्रदेरी ठरते. म्हणजे या नावाचा शब्दशः अर्थ ‘चिंता’ असा होतो. यादीत तो बहुधा ‘जपणूक’ असा गोड करून दिलेला असेल.

याच कथाचक्रातला दुसरा प्रसंग याहून रंगतदार आहे. आरिआन्ऱ्होद आपल्या मुलाला नाव द्यायचेच नाकारते. मी दिल्याखेरीज त्याला नाव मिळणार नाही, असा तिचा शाप असतो. मुलाचा मामा ग्वदियॉन हा जादूगार. तो चांभाराचे रूप घेऊन, मुलाला बरोबर घेऊन, तिच्या किल्ल्याखाली नाव लावतो. जोड्याचे माप द्यायला ती नावेत येते, तेवढ्यात नावेवर एक चिमुकला पक्षी बसतो आणि मुलगा नेम धरून त्याच्या पायाची शीर आणि हाड यांच्या नेमके मधे मारतो. ‘या गोऱ्या पोराचा हात मोठा कसबी आहे’ असे तिच्या तोंडून निघून जाते, आणि मामा म्हणतो, झाले, नाव मिळाले : ल्हेय ल्हाव गफेस, कसबी हाताचा तेजस्वी. ‘ल्हेय’ हे प्राचीन केल्टिक देव ‘लुगुस’ याच्या नावाचे वेल्श रूप आहे, असे अभ्यासक मानतात. प्रसिद्ध ‘ल्हवेलिन’ या नावातही पुष्कळ जण तोच लुगुस पाहतात. ‘ल्हेव’ म्हणजे सिंह, यावरून ‘सिंहासारखा’ हा जो अर्थ सर्रास छापला जातो, तो मागाहून जुळवलेला आहे.

राहता राहिले ‘एम्रिस’. माझे मत विचाराल तर आपल्या नातवासाठी या यादीतले सर्वांत योग्य नाव हेच. ‘अम्ब्रोसियुस’ या लॅटिन नावाचे ते वेल्श रूप. ते लॅटिनमध्ये आले ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘अमर’. ज्या मूळ शब्दापासून ते निघाले, त्याच मुळापासून संस्कृतातला ‘अमृत’ निघाला आहे. आजी ‘अमृत’ म्हणून हाक मारो किंवा शाळा ‘एम्रिस’ म्हणून, शब्द एकच. एकोणिसाव्या शतकातील वेल्श भाषेचे कडवे पुरस्कर्ते रॉबर्ट अँब्रोज जोन्स यांनी आपल्या इंग्रजी वळणाच्या मधल्या नावाचे असेच मूळ रूप करून ‘एम्रिस आप ईवान’ या नावाने लेखन केले, आणि १८८९ मध्ये न्यायालयात साक्ष वेल्शमध्येच देण्याचा आग्रह धरला.

प्रश्न : मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. वेल्श ही आर्यभारतीय भाषांची दूरची नातलग असल्याचे वाचले. हे नाते व्यक्तिनामांत दिसते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दिसते, आणि सामान्य शब्दांपेक्षा नावांत अधिक स्पष्ट दिसते, कारण नावे जुनी रूपे धरून ठेवतात. वेल्शमध्ये ‘ऱ्ही’ हा राजासाठीचा जुना शब्द; संस्कृत ‘राजन्’ आणि लॅटिन ‘रेक्स’ ही त्याची भावंडे. ‘ऱ्होद्री’ या नावात पहिला घटक ‘चाक’ या अर्थाचा आणि दुसरा हा ‘ऱ्ही’. आपण ‘चक्रराज’ म्हणू. ८७८ मध्ये मारल्या गेलेल्या ऱ्होद्री माउर, म्हणजे थोरला ऱ्होद्री, या राजापासून उत्तर व दक्षिण वेल्सची राजघराणी आपली वंशावळ सांगत. ‘तिदिर’ या नावातही तोच घटक झिजून शेवटी उरला आहे. त्याचे प्राचीन रूप ‘तोउतोरिक्स’, अर्थ ‘लोकांचा राजा’.

आता थोडे अवघड नाते. ‘की’ म्हणजे कुत्रा. संस्कृत ‘श्वन्’, ग्रीक ‘कुओन’ आणि लॅटिन ‘कानिस’ याच कुळातले. प्राचीन वेल्श राजांच्या नावांत हा कुत्रा वरचेवर भेटतो. सहाव्या शतकातील माइल्गून या बलाढ्य राजाच्या नावाचे जुने रूप ‘माग्लोकुनोस’, म्हणजे ‘राजश्वान’. ‘कनान’ म्हणजे ‘छोटा शिकारी कुत्रा’. आणि ‘गुर्गी’ या आज जवळजवळ लोपलेल्या नावात ‘गूर’ म्हणजे पुरुष, अर्थात आपला ‘वीर’, आणि ‘की’ म्हणजे ‘श्वन्’, असे दोन्ही घटक संस्कृतच्या नात्यातले आहेत. कुत्रा म्हणणे ही आपल्याकडे शिवी असल्यामुळे वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. परंतु ऐतरेय ब्राह्मणातल्या शुनःशेपाला आणि त्याच्या शुनःपुच्छ व शुनोलाङ्गूल या भावांना विसरू नये. केल्टिक योद्ध्यांच्या समाजात शिकारी कुत्रा म्हणजे न सोडणारा, पाठलाग करणारा, धन्यासाठी मरणारा, आणि राजपुत्राला यापेक्षा मोठे विशेषण सुचत नसे.

ज्यांना कुत्रा नको त्यांच्यासाठी अस्वल आहे. ‘आर्थ’ म्हणजे अस्वल, संस्कृत ‘ऋक्ष’चा सख्खा नातलग, त्यापासून ‘आर्थव्हाइल’, म्हणजे ‘ऋक्षराज’. (राजा आर्थरचे नाव यातलेच, असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते ‘आर्तोरियुस’ या रोमन नावापासूनही आले असू शकते आणि वाद मिटलेला नाही.) आणि ज्याला प्राणीच नकोत त्याच्यासाठी ‘सिलिएन’ : पहिला घटक सूर्यवाचक, दुसरा ‘जन्मलेला’, आणि दोन्ही घटकांची मुळे आपल्या ‘सूर्य’ आणि ‘जन्’ यांच्याशी जुळतात. सूर्यज. अकराव्या शतकात सेंट डेव्हिड्सचा बिशप असलेला सिलिएन त्या काळच्या वेल्समधला मोठा विद्वान होता आणि त्याच्या मुलाने संत दावीद यांचे पहिले चरित्र लिहिले. वेल्समधल्या तमाम अनवट नावांत मला हे सर्वांत देखणे वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘गुर’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक नावात ‘वीर’ शोधू नये. ‘गुर्थाइर्न’ या नावातला ‘गुर’ म्हणजे पुरुष नव्हे. तो ‘वरचा, श्रेष्ठ’ या अर्थाचा उपसर्ग आहे आणि नावाचा अर्थ ‘अधिराज’ असा होतो.

या नात्याचा शोध जगापुढे ठळकपणे मांडणारे सर विल्यम जोन्स हे स्वतःच अर्धे वेल्श होते, हे आपल्याला आवडेल. १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या आणि १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे आणि केल्टिक भाषाही त्याच कुळातली असावी असे म्हणणाऱ्या जोन्स यांचे वडील अँगलसी बेटावरचे. तेही विल्यम जोन्सच; वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ मध्ये प्रथम वापरणारे गणिती. मुलगा जन्मला लंडनमध्ये आणि वडील वारले तेव्हा तो अवघा तीन वर्षांचा होता. फ्रान्सच्या राजाशी त्याची ओळख करून देताना ब्रिटिश राजदूताने ‘यांना स्वतःची सोडून जगातली प्रत्येक भाषा येते’ असे म्हटल्याची आख्यायिका वेल्समध्ये अजून चवीने सांगतात.

प्रश्न : वेल्सच्या रग्बी संघात जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांखेरीज आडनावेच नाहीत की काय असे वाटते. इतकी सुंदर नावे असणाऱ्या लोकांची आडनावे इतकी सपक का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कारण ती आडनावे मुळात आडनावे नव्हतीच, ती बापांची नावे आहेत. वेल्शमध्ये ‘माब’ म्हणजे पुत्र; नावांच्या मधोमध आल्यावर त्याचा ‘म’ गळतो आणि ‘आप’, स्वरापूर्वी ‘आब’, उरतो. हवेल आप ऱ्हीस म्हणजे ऱ्हीसचा मुलगा हवेल. आपल्या मधल्या नावाशी हे जुळते, पण वेल्श माणूस एका बापावर थांबत नसे; तो आजा-पणजापर्यंत, आणि मालमत्तेचा तंटा असला तर त्याही पलीकडे, साखळी म्हणून दाखवी, कारण जमिनीचा हक्क आणि हत्येच्या भरपाईची जबाबदारी दोन्ही वंशावळीवर ठरत.

ही साखळी दगडात पाहायची असेल तर ल्हानगोल्हेन गावाजवळचा एलिसेगचा स्तंभ पाहावा. नवव्या शतकात पोवीसचा राजा कंगेन याने तो उभारला. त्यावरचा लॅटिन मजकूर सांगतो की कंगेन हा कादेल्हचा मुलगा, कादेल्ह हा ब्रोखव्हाइलचा मुलगा, ब्रोखव्हाइल हा एलिसेगचा मुलगा, आणि म्हणून कंगेन या प्रपौत्राने आपल्या पणजोबासाठी हा दगड उभा केला. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह असा उच्चार ऐकलेल्या कानांना हा क्रम ओळखीचा वाटेल. गंमत अशी की पणजोबांचे नाव एलिसेग नव्हतेच. ते ‘एलीसेद’ होते, आणि कोरणाऱ्याने शेवटचे अक्षर चुकवले. अकराशे वर्षे ती चूक स्तंभाचे नाव होऊन बसली आहे. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत स्तंभ पाडला गेला आणि १७७९ मध्ये त्याचा उरलेला भाग पुन्हा उभा केला. अक्षरे आता वाचता येत नाहीत. एडवर्ड ल्हुइड या अभ्यासकाने १६९६ मध्ये मजकूर उतरवून ठेवला नसता तर ही वंशावळ कायमची गेली असती.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात विलीन झाले, न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली आणि कारकुनांना ठरावीक आडनाव हवे झाले. ज्याच्या पिढीत नाव गोठले त्याच्या बापाचे किंवा आजाचे नाव आडनाव झाले, आणि तोवर बाप बहुतेक ठिकाणी जॉन, डेव्हिड, विल्यम असे बायबलातले किंवा नॉर्मनांनी आणलेले नाव धारण करून बसले होते. म्हणून जोन्स, डेव्हिस, विल्यम्स. परंपरागत वेल्श वर्णमालेत ‘जे’ हे अक्षर नव्हते. तरी वेल्सचे सर्वांत गाजलेले आडनाव त्याच अक्षराने सुरू होते. एका खेड्यात दहा जोन्स झाल्यावर लोकांनी धंदा जोडला : दूध घालणारा तो ‘जोन्स द मिल्क’, टपाल वाटणारा तो ‘जोन्स द पोस्ट’.

पण आपण नीट पाहिलेत तर अनवट नावे आडनावांत लपलेली सापडतील. आप हवेलचा झाला पॉवेल, आप ऱ्हीसचा प्राइस, आब ओवाइनचा बोवेन, आप ऱ्हदेर्खचा प्रॉदरो, आब इथेलचा बिथेल, आब आयन्यॉनचा बेनन. ऱ्हदेर्ख, इथेल, आयन्यॉन ही नावे आज कुणी क्वचितच ठेवतो, पण त्यांची आडनावे दूरध्वनीच्या यादीत आहेत. तसेच मादोगचा मॅडॉक्स, कादुगानचा कॅडोगन, ल्हुइडचा लॉइड. आणि इंग्रजांना तो ‘ल्ह’ न जमल्यामुळे त्याच ल्हुइडचा फ्लॉइडसुद्धा.

या गोठण्याच्या खेळात सर्वांत मोठी उलथापालथ राजघराण्याची झाली. १४८५ मध्ये बॉस्वर्थची लढाई जिंकून सातवा हेन्री झालेल्या राजाच्या आजोबांचे नाव ओवाइन आप मारेदिद आप तिदिर, म्हणजे तिदिरच्या मारेदिदचा ओवाइन. रीतीप्रमाणे बापाचे नाव धरले असते तर इंग्लंडवर मेरेडिथ घराण्याने राज्य केले असते. धरले गेले आजोबांचे, म्हणून ट्यूडर.

प्रश्न : ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांचे नाव वेल्श आहे असे कळले. त्याचा अर्थ काय? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : आडनावाचा उलगडा वरच्या उत्तरातच आहे : आब ईव्हान, म्हणजे ईव्हानचा मुलगा, आणि ईव्हान म्हणजे जॉन. पहिले नाव ‘आनायरिन’ हे मात्र फार जुने. सहाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेत झालेल्या एका लढाईत पडलेल्या वीरांवर ज्याने शोककाव्य रचले असे परंपरा मानते, त्या कवीचे हे नाव. जुन्या हस्तलिखितांत ते ‘नेइरिन’ असेही येते. स्पेलिंगमध्ये मधेच ‘यू’ घुसला तो पुष्कळ नंतर, ‘आउर’ म्हणजे सोने हा शब्द त्यात आहे अशा समजुतीने. ‘सोनेरी’ हा छापील अर्थ त्याच समजुतीतून आला आणि तो टिकणारा नाही. १८९७ मध्ये त्रेदेगार या कोळसा-गावात जन्मलेल्या, स्वतः खाणीत काम केलेल्या आणि ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यसेवा सुरू करणाऱ्या या मंत्र्याला सगळे ‘नाय’ म्हणत.

प्रश्न : वेल्समध्ये रोमन नावे टिकून आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : टिकून आहेत, पण वेष पालटून. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली तरी नावे मागे राहिली आणि लोकांच्या तोंडी घासत गेली : होनोरियुसचा ‘अनिर’, युस्तिनुसचा ‘येस्तिन’, माउरिकियुसचा ‘मेइरिग’, गेरोंतियुसचा ‘गेराइंट’. ३८३ मध्ये ब्रिटनमधल्या सैन्याने सम्राट म्हणून पुकारलेला माग्नुस माक्सिमुस वेल्श दंतकथेत ‘माक्सेन’ झाला, आणि आज पुन्हा मुलांना हे नाव दिले जाते.

सर्वांत बोलकी आहे ती ग्विनेदच्या राजवंशाचा मूळपुरुष किनेदा याची वंशावळ. किनेदा हा एदेर्नचा मुलगा, एदेर्न हा ‘तांबड्या अंगरख्याच्या’ पादार्नचा मुलगा, पादार्न हा तेगिदचा मुलगा. लॅटिनमध्ये वाचा : एतेर्नुस, पातेर्नुस, ताकितुस. ओळीने तीन पिढ्या रोमन आणि चौथ्या पिढीला अस्सल केल्टिक किनेदा. तो तांबडा अंगरखा रोमन अधिकाऱ्याचा असावा, असा तर्क पुष्कळांनी केला आहे. तर्क म्हणून तो मोहक आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यावर दोन मुलांची नावे डिलन आहेत. हे एखाद्या संताचे नाव आहे का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : नाही. वेल्श उच्चार ‘दलान’. वर सांगितलेल्या माबिनोगीत ल्हेयचा जुळा भाऊ. बाप्तिस्मा होताच तो समुद्राकडे धावतो, माशासारखा पोहू लागतो आणि त्याच्याखाली कधी लाट फुटत नाही. नावाचा संबंध भरतीशी किंवा समुद्राशी लावतात. पूर्वी हे नाव जवळजवळ कुणी ठेवत नसे. स्वान्झीच्या एका शाळामास्तराने १९१४ मध्ये आपल्या मुलाला ते दिले. मुले ‘डल’ म्हणून चिडवतील अशी आईला धास्ती होती. तो मुलगा म्हणजे कवी डिलन टॉमस, आणि त्याला स्वतःला इंग्रजी उच्चारच पसंत होता. १९६२ मध्ये रॉबर्ट झिमरमन या अमेरिकन गायकाने कायदेशीररीत्या बॉब डिलन हे नाव घेतले आणि मग ते जगभर गेले. दुर्मीळ नाव दोन पिढ्यांत सर्वत्र कसे पोचते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. संताचेच नाव हवे असेल तर तायलो, बेइनो, कबी, तसिलियो असे पुष्कळ आहेत. ‘ल्हान’ म्हणजे चर्चचे आवार, आणि त्यापुढे संताचे नाव येऊन वेल्समधली शेकडो गावे वसली आहेत. अठ्ठावन्न अक्षरांच्या ज्या गावनावाच्या पाटीपुढे पर्यटक फोटो काढतात, त्याच्या शेवटाजवळ हा तसिलियो आहे.

प्रश्न : आपल्याकडे नद्यांची नावे मुलींना देतात. वेल्समध्ये पुरुषांना देतात, हे खरे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे, आणि त्याचे श्रेय कवींना जाते. एकसारख्या आडनावांच्या गर्दीत कवीला स्वतःची ओळख हवी असे, म्हणून तो आपल्या गावची नदी, डोंगर किंवा मुलूख काव्यनाम म्हणून घेई. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या तिदिर आलेद या कवीने आलेद नदी घेतली. १८३२ मध्ये जन्मलेल्या जॉन ह्यूजने आपल्या खोऱ्यातली कायरिओग नदी घेतली. मँचेस्टरला रेल्वेत कारकुनी आणि नंतर ल्हानिदलोइस स्थानकावर स्टेशनमास्तरकी करणारा हा माणूस वेल्सभर नुसता ‘कायरिओग’ म्हणून ओळखला गेला. त्याच वर्षी जन्मलेल्या विल्यम टॉमसने डोंगरावरून ‘इस्लुइन’ घेतले. पुढे चाहत्यांनी आपल्या मुलांना ही काव्यनामेच ठेवली आणि ती व्यक्तिनामे झाली. योलो मोर्गानुग, म्हणजे एडवर्ड विल्यम्स हा पाथरवट, कवी आणि जुन्या हस्तलिखितांचा अट्टल बनावटकार, याचे ‘योलो’ हे ‘योर्वेर्थ’चे लाडके रूप, योर्वेर्थ आणि एडवर्ड यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, पण वेल्श लोक फार पूर्वीपासून एकाच्या जागी दुसरे वापरत आले आहेत.

या परंपरेतले सर्वांत हृद्य नाव ‘हेद विन’, म्हणजे ‘शुभ्र शांती’. त्रॉसव्हनिदचा मेंढपाळ एलिस इव्हान्स याला ते एका कविमित्राने दिले. ३१ जुलै १९१७ रोजी तो बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला, आणि सप्टेंबरात बर्कनहेडच्या राष्ट्रीय आयस्तेदवोदमध्ये, म्हणजे कवी-गायकांच्या वार्षिक मेळ्यात, काव्यस्पर्धेचा विजेता म्हणून त्याच्या टोपणनावाचा पुकारा झाला तेव्हा मानाच्या खुर्चीवर काळे कापड पसरावे लागले. ‘हेदविन’ असे जोडून लिहिलेले नाव आजही आढळते. येथे एक सूचना : ‘विन’ हा शेवट पुरुषवाची आणि ‘वेन’ हा स्त्रीवाची. वेल्सबाहेर मुलींना ‘ब्रॉनविन’ लिहितात ते वेल्श कानाला खटकते. मुलीचे नाव ‘ब्रॉनवेन’.

प्रश्न : टाळावीत अशी काही नावे आहेत का? (पुण्याच्या वाचिकेचाच पुरवणी प्रश्न)

उत्तर : दोनच सांगतो. ‘गुर्थाइर्न’ या नावाचा अर्थ भारदस्त असला तरी, सॅक्सन टोळ्यांना ब्रिटनमध्ये बोलावून देश घालवणारा राजा म्हणून त्याची अपकीर्ती निदान आठव्या शतकापासून चालत आली आहे. अपकीर्तीलाही दुसरी बाजू असते : एलिसेगच्या स्तंभावर पोवीसचे राजे त्यालाच अभिमानाने पूर्वज म्हणवतात, आणि ल्हीन द्वीपकल्पातल्या ज्या दरीत तो पळून गेला असे सांगतात, तिथे आता वेल्श शिकवण्याचे निवासी केंद्र चालते. तरीही शाळेतल्या मुलाला हे ओझे देऊ नये.

दुसरे ‘एव्हनस्येन’. नादमधुर आहे, म्हणून याद्यांत सापडते. माबिनोगीत हा माणूस बहिणीच्या लग्नात आपल्याला विचारले नाही म्हणून आयर्लंडच्या राजाच्या घोड्यांचे ओठ, कान आणि शेपट्या कापतो आणि पुढे लहान भाच्याला आगीत फेकतो. नावाचा अर्थही ‘वैरी, कलहप्रिय’ असाच आहे. त्याचा भाऊ ‘निस्येन’ मात्र भडकलेल्या दोन सैन्यांतही समेट घडवणारा म्हणून वर्णिलेला आहे. तेव्हा या जोडीतलेच नाव हवे असेल तर ते निस्येन घ्यावे.